“चित्रकलेत सर्व विद्यार्थी उत्तीर्ण”

गुणगौरव समारंभात आज चित्रकलेच्या वाट्याला एवढं एकच वाक्य आलं. त्याआधी दहावीच्या पहिल्या पाचांना शाल, श्रीफळ, फोटो सगळं झालं होतं. तिसऱ्या रांगेतली मुलगी शेजारणीला हळूच म्हणाली, “अगं, माझी ए ग्रेड आहे. नाव कुठे घेतलं?”

तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षेची ए ग्रेड म्हणजे स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन, असे चार पेपर. दहावीला ए ग्रेडचे ७ वाढीव गुण मिळतात, बीचे ५, सीचे ३. तेही शाळेने प्रस्ताव मुदतीत बोर्डाकडे पाठवला तरच! त्या कागदांमागे धावणाऱ्या कलाशिक्षकांचंही नाव कुणी घेतलं नाही. एनएमएमएस या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या मुलांसाठीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचं तसंच. आठवीत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण नूतनीकरणाचा अर्ज राहिला की पैसे थांबतात. तो अर्ज भरून घेणारे शिक्षकही मागेच उभे.

घोळ यादीत होतो. दहावीचा निकाल कार्यालयात तयार असतो; कला, क्रीडा, विज्ञान प्रदर्शनाची नावं आदल्या दिवशी तोंडी गोळा होतात. आठ दिवस आधी प्रत्येक विभागाकडून लेखी यादी घ्यावी: नाव, इयत्ता, परीक्षा, ग्रेड, मार्गदर्शक शिक्षक. नावाचा उच्चार मुलालाच विचारावा. शिक्षकांना मुलासोबत व्यासपीठावर बोलवावं. तीस नावं वाचायला पाच मिनिटं पुरतात, तेवढं पाहुण्यांचं भाषण आटोपतं घेता येतं.

तुमच्या शाळेत ही यादी कोण करतं?