भरती कुठवर येते?

"इथे भरती कुठवर येते?"

नायगावला आज मामांसाठी घर बघत होतो. एजंट स्टेशन किती मिनिटांवर ते सांगत होता, तेवढ्यात मामांनी हे विचारलं. त्याला वाटलं, पाणी तुंबण्याची भीती आहे. "काळजी नको काका, पाणी येतच नाही!" मामांचा चेहरा उतरला.

मग आम्ही वसईच्या खाडीवर गेलो. ओहोटी होती. चिखलात निवट्या (छोटे मासे) उड्या मारत होत्या. मामा काठावर उकिडवे बसले. बोटं हलत होती, हातात गळाची दोरी असल्यासारखी. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पुनवेच्या उधाणाला इथे बोय मासा येणार बघ. नशीब असेल तर जिताडाही."

वर्सोव्याच्या खडकांवर 40 वर्षं गळ टाकलेला माणूस. रानातली शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून थांबत गेली, योग्यच झालं. पण गळ टाकून तासन् तास पाण्याकडे बघत बसणं, हे त्यांचं जगणं आहे. ते सोडून कुठे राहणार?

मी माझं घर घेताना फक्त स्टेशनचं अंतर मोजलं होतं. दिवसभर तेच डोक्यात आहे.

भाईंदर, नायगाव, गोराई, खाडीलगत कुणी राहतं का? गळाला काय लागतं, सांगा ना. मामांना कळवायचंय.