शुगर ३४२, पण कोड कुठला?

अमेरिकेत इमर्जन्सीला आलेल्या पेशंटची शुगर ३४२ निघाली. नर्सने आकडा चार्टमध्ये चढवला, इन्सुलिन टोचलं, काही तासांनी शुगर १८० वर आली, पेशंट घरी गेला. डॉक्टरांनी मात्र नोटमध्ये साखरेबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. मग बिलाच्या लेखी त्या पेशंटची साखर वाढलीच नव्हती.

आपल्याकडे लॅबचा कागद पुढे केला की काम भागतं. अमेरिकेत कोडरला, म्हणजे डॉक्टरांची नोट वाचून बिलासाठी निदानाचे कोड लावणाऱ्याला, त्या कागदावरून निदान लावायची मुभा नाही. ३४२ असो नाहीतर ६४२, त्याला नाव डॉक्टरांनीच द्यायचं, आणि त्यांनी लिहिलेल्या शब्दाचाच कोड लागतो. पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून हेच अमेरिकी चार्ट वाचणाऱ्यांचं बरंचसं डोकं इथेच खर्ची पडतं.

कोड येतात आयसीडी-१०-सीएममधून, म्हणजे अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आजारांच्या कोडयादीतून. डायबेटिसचं निदान नाही आणि डॉक्टरांनी नुसतं ‘हायपरग्लायसेमिया’ (साखर वाढलेली) लिहिलंय, तर आर ७३.९. ‘प्रीडायबेटिस’ (डायबेटिसच्या अलीकडची पायरी) असेल तर आर ७३.०३. टाइप २ डायबेटिस आणि सोबत हायपरग्लायसेमिया असेल तर ई ११.६५, टाइप १ असेल तर ई १०.६५. डायबेटिसच्या कोडला आर ७३.९ जोडून पाठवायचा नाही, कारण आर ७३ खालीच डायबेटिस वगळल्याची सूचना छापलेली आहे. टाइप लिहिलाच नसेल तर टाइप २ धरायचा, पेशंट इन्सुलिनवर असला तरीही. ‘इन्सुलिन आहे म्हणजे टाइप १’ ही नवख्यांची ठरलेली चूक.

सगळ्यात जास्त घोळ घालतो तो ‘अनकंट्रोल्ड डायबेटिस’ हा शब्द. ३० सप्टेंबर २०१५ पर्यंत जुन्या आयसीडी-९ मध्ये त्याला स्वतंत्र कोड होता, टाइप २ साठी २५०.०२. १ ऑक्टोबरला नवी पद्धत आली आणि ती सोय गेली. आता इंडेक्स, म्हणजे कोड शोधायची सूची, उलट विचारते: अनकंट्रोल्ड म्हणजे साखर वर गेली, की खाली? गंमत अशी की ‘पुअरली कंट्रोल्ड’ किंवा ‘आउट ऑफ कंट्रोल’ लिहिलं तर इंडेक्स काही न विचारता सरळ हायपरग्लायसेमियाकडे पाठवते. डॉक्टरांच्या मनात तिन्ही शब्दांचा अर्थ एकच असतो, पण नुसतं ‘अनकंट्रोल्ड’ असेल तर कोडरला क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना खुलासा विचारणारी लेखी चिठ्ठी, पाठवावीच लागते.

क्वेरी लिहिणं हे वेगळंच कसब आहे. ‘शुगर ३४२ आहे, डायबेटिस विथ हायपरग्लायसेमिया असं लिहाल का?’ असं विचारलं की उत्तर तोंडात घातल्यासारखं होतं, आणि पुढे ऑडिटमध्ये तेच अंगाशी येतं. बरोबर क्वेरी साधारण अशी: ‘दाखल होताना ग्लुकोज ३४२, एचबीए१सी १०.८. आधीपासून टाइप २ डायबेटिस. इन्सुलिन स्लायडिंग स्केलवर सुरू. नोटमध्ये अनकंट्रोल्ड डायबेटिस असा उल्लेख आहे. कृपया अर्थ स्पष्ट करावा: हायपरग्लायसेमियासह, हायपोग्लायसेमियासह, अन्य काही, सांगता येत नाही.’ (एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, स्लायडिंग स्केल म्हणजे साखरेच्या आकड्याप्रमाणे डोस, हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर खाली जाणं.) आकडे चार्टमधलेच, पर्याय खुले, आणि पैशांचा उल्लेख चुकूनही नाही.

दुसरी फसगत इन्सुलिनचीच. वॉर्डमध्ये भरती झालं की घरची मेटफॉर्मिनची (डायबेटिसची) गोळी बहुतेक वेळा थांबवतात आणि तेवढ्यापुरतं इन्सुलिन देतात. कोडरला औषधांच्या नोंदीत इन्सुलिन दिसतं आणि तो झेड ७९.४ लावून मोकळा होतो. हा कोड नेहमीच्या इन्सुलिनचा; तात्पुरत्या डोसला तो लागत नाही. घरून आणलेल्या औषधांची यादी उघडायची: गोळ्या असतील तर झेड ७९.८४, इन्सुलिन सोडून दुसरं इंजेक्शन असेल तर १ ऑक्टोबर २०२२ पासून झेड ७९.८५. नेहमीच्या गोळ्या आणि नेहमीचं इन्सुलिन दोन्ही असतील तर दोन्ही कोड.

स्टेरॉइडने चढलेली साखर हा आणखी एक प्रकार. दम्यासाठी प्रेडनिसोन दिलं, डायबेटिस नसलेल्या माणसाची शुगर २६० झाली, डॉक्टरांनी ‘स्टेरॉइडमुळे हायपरग्लायसेमिया’ लिहिलं: आर ७३.९ आणि जोडीला टी ३८.०एक्स५ए. औषध बरोबर घेऊनही दुष्परिणाम झाला, हे दुसरा कोड सांगतो. डॉक्टरांनी ‘औषधजन्य डायबेटिस’ लिहिलं तर पहिला कोड बदलून ई ०९.६५ होतो. अंगावरचा इन्सुलिन पंप बिघडून इन्सुलिन कमी गेलं असेल तर आधी पंपाच्या बिघाडाचा टी ८५.६ मधला कोड, मग इन्सुलिन कमी पडल्याचा टी ३८.३एक्स६, त्यानंतर डायबेटिस. हा क्रम उलटला की क्लेम परत येऊ शकतो.

पैशाचा फरक कुठे पडतो? भरती पेशंटमध्ये ई ११.६५ ने बिल फारसं हलत नाही. कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं, ई ११.१०) किंवा हायपरऑस्मोलर अवस्था (साखर फार चढून रक्त दाट होणं, ई ११.००) दुय्यम निदान म्हणून, म्हणजे भरतीच्या मुख्य कारणाच्या जोडीला, लागली, तर ती मोठी गुंतागुंत धरली जाते आणि ज्या गटावरून बिलाची रक्कम ठरते तो गट बदलू शकतो. म्हणूनच ‘शुगर ७००, पेशंट गुंगीत’ एवढंच लिहून डॉक्टर निघून गेले की कोडर हळहळतो.

आता भारतातून मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांविषयी. ‘डायबेटिस आहे का?’ या प्रश्नावर आपल्याकडचं हमखास उत्तर म्हणजे ‘थोडी शुगर आहे, बॉर्डरवर.’ नर्स ‘बॉर्डरलाइन डायबेटिस’ टाइप करते, डॉक्टरांच्या नोटमध्येही तेच उतरतं, आणि त्याचा कोड होतो प्रीडायबेटिसचा. इकडे पिशवीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या डायबेटिसच्याच गोळ्यांच्या पट्ट्या. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये आधीपासूनच्या आजारांवर बहुधा बंधनं असतात, त्यामुळे क्लेम तपासणारा हीच विसंगती पकडतो आणि सगळे जुने कागद मागवतो. प्रवासाआधी फॅमिली डॉक्टरांकडून एका कागदावर निदान, कोणत्या वर्षापासून, औषधांची जेनेरिक नावं आणि डोस, शेवटचं एचबीए१सी लिहून आणा. भारतातली ब्रँडनावं इथे कुणाला कळत नाहीत, त्यातून दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी असेल तर विचारूच नका. साखरेचं एकक अमेरिकेत आपलंच आहे. ब्रिटन-कॅनडात एकक वेगळं, आपल्या आकड्याला १८ ने भागायचं; तिथे ३४२ चे १९ होतात.

नोटमध्ये चूक दिसली तर हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागाकडे दुरुस्तीचा लेखी अर्ज देता येतो. हिपा या अमेरिकेतल्या आरोग्य-माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याप्रमाणे त्यांना ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, आणखी ३० दिवस हवे असतील तर तसं लेखी कळवावं लागतं. अर्जात ‘कोड बदला’ असं लिहू नका. नोटमधलं कोणतं वाक्य चुकलंय ते दाखवा आणि फॅमिली डॉक्टरांचा कागद जोडा.