रोसकॉमनची चौथ्या वर्गातली घरं

आयर्लंडच्या साधारण मध्यावर रोसकॉमन नावाची काउंटी आहे, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. १८४१च्या जनगणनेत तिथं अडीच लाखाच्या वर माणसं होती. १८५१ला उरली जेमतेम पावणेदोन लाख, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ तीनातला एक माणूस गेला. आणि आज? सत्तर हजार. आपल्या एकट्या कोथरूडात याहून जास्त लोक असतील.

माझा भाचा डब्लिनला आयटीत आहे (पुण्यातल्या अर्ध्या घरांतलं कोणीतरी असतंच म्हणा तिकडे), तो सुट्टीत रोसकॉमनमधल्या स्ट्रोक्सटाऊनला दुष्काळाचं म्युझियम बघून आला आणि फोटो पाठवले, त्यावरून मी वाचायला लागले ते सुटलंच नाही. १८४५ला बटाट्यावर करपा आला, १८४६ला तर जवळपास सगळं पीक गेलं आणि बटाट्याशिवाय दुसरं काही न खाणारे लाखो लोक उघड्यावर पडले, एवढं शाळेत इतिहास शिकवताना मलाही माहीत होतं. मी अडकले ते घरांच्या आकड्यात.

१८४१ला तिथल्या सरकारनं घरांचे चार वर्ग पाडले. भिंत कशाची, खोल्या किती, खिडक्या किती, यावरून. चौथा वर्ग म्हणजे मातीच्या भिंतींची एकखणी झोपडी. सगळ्या आयर्लंडमध्ये अशी ४,९१,२७८ घरं निघाली, आणि खेड्यातली निम्म्याच्या आसपास कुटुंबं असल्याच घरात राहत होती. दहा वर्षांनी परत मोजलं तर चौथ्या वर्गाची घरं १,३५,५८९. लोकसंख्या घटली साधारण पाचातला एक, आणि झोपड्या घटल्या चारातल्या जवळजवळ तीन! नुसता तक्ता बघितला तर वाटेल वा, काय घरबांधणी योजना राबवलीये.

वर्गातली कच्ची पोरं शाळा सोडून गेली की निकाल आपोआप सुधारतो ना, तसलाच प्रकार आहे हा. झोपडीतले लोक पक्क्या घरात गेले असं फारसं झालंच नाही. ते मेले, नाहीतर बोटीत बसले, आणि मागे राहिलेल्या झोपड्यांची छपरं मुद्दाम पाडली गेली.

मुद्दाम का, तर त्यातला हिशोब बघा. गरिबांना मदत द्यायला जमिनीवर कर होता, आणि ज्या कुळाच्या जमिनीचं मूल्यांकन चार पौंड किंवा त्याहून कमी त्याचा कर जमीनमालकानं भरायचा असा १८४३चा कायदा होता. म्हणजे जितकी छोटी कुळं जास्त तितका मालकाच्या डोक्यावर बोजा जास्त, मग कुळं हाकललेलीच परवडणार ना. वर १८४७ला ग्रेगरी नावाच्या खासदारानं एक कलम घुसवलं, की पाव एकरापेक्षा जास्त जमीन असेल त्याला सरकारी मदत नाही. पाव एकर म्हणजे दहा गुंठे! दहा गुंठ्यांच्या वर जमीन असेल तर एकतर ती सोड नाहीतर उपाशी मर. लोकांनी जमीन सोडली, आणि जमीन सोडली की घरही गेलंच, पहारी घेऊन टोळ्या यायच्या आणि छप्पर खाली. काही जण त्याच पडक्या भिंतींच्या आडोशाला काटक्या नि गवताची ढेकळं रचून राहायचे, काही जमिनीत खड्डा खणून त्यावर तसलंच छप्पर घालायचे. ही कुठल्या वर्गातली घरं धरायची, सांगा.

स्ट्रोक्सटाऊनच्या जमीनदारानं, मेजर डेनिस माहननं, १८४७ला आपल्या कुळांतली १,४९० माणसं कॅनडाला धाडली. ती रॉयल कॅनॉलच्या काठानं चालत डब्लिनला गेली, तिथून लिव्हरपूल, तिथून क्वेबेक, आणि त्यातली कित्येक वाटेतच गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माहनला गोळी घातली गेली. आता तो सगळा रस्ता, १६५ किलोमीटर, लोक हौसेनं चालतात. भाचाही जाणारे म्हणतोय.

आयर्लंडवरही तेव्हा राज्य इंग्रजांचंच, आणि या सगळ्या काळात लंडनच्या तिजोरीवर बसून मदतीचा हात आखडता घेणारा अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन, आणि हाच नंतर मद्रासचा गव्हर्नर झाला. आपल्याकडे १८७६-७८च्या दुष्काळात सरकारनं पाहणीला पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलनं दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढीच मजुरी ठरवली तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जांवर अर्ज केले होते. माणसं बदलली तरी ऑफिसातलं डोकं तेच, दुसरं काय.

मला हे एवढं का लागलं तर २०१०ला जनगणनेच्या घरयादीचं काम माझ्याकडे होतं, पर्वती पायथ्याचा भाग. भिंत कशाची, छप्पर कशाचं, जमीन कशाची, खोल्या किती, घराची अवस्था चांगली की राहण्याजोगी की मोडकळीला आलेली. तिकडच्या १९०१च्या फॉर्मात बघितलं तर तेच! भिंत दगडविटांची तर एक मार्क, मातीची तर शून्य, छपराचं तसंच, मग खोल्या आणि समोरच्या खिडक्या मोजायच्या आणि बेरजेवरून घराचा वर्ग. १८४१ला हे काम मुख्यतः पोलिसांनी केलं होतं, आमच्याकडे मास्तर-बाई. जो आतून बाहेर येतो त्याला विचारायचं, घर बंद असलं की तसं लिहून पुढे. मागच्या वेळी इथं कोण होतं आणि ते कुठं गेलं हा रकाना ना त्यांच्यात ना आमच्यात. आणि मग दहा वर्षांनी पत्र्याची घरं कमी झाली की पेपरात सुधारणा म्हणून छापून येतं. ती खरी सुधारणा असेलही, आमच्या भागात बऱ्याच जणांना पक्की घरं मिळालीयेत हे मी बघितलंय, पण किती भाडेकरू नुसते उठून लांब कुठंतरी गेले ते त्या आकड्यात दिसत नाही.

१८४१ आणि ५१चे मूळ कागद बहुतेक सगळे १९२२ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या आगीत जळाले, त्यामुळे त्या चौथ्या वर्गातल्या बहुतेकांची नावं आता मिळत नाहीत. १९०१ आणि १९११चे मात्र शाबूत आहेत आणि आयर्लंडच्या नॅशनल अर्काइव्हजच्या साइटवर फुकट आहेत, काउंटी निवडायची, मग गाव, मग एकेक घर. रोसकॉमनपासूनच सुरू करा, आणि घराचा फॉर्म उघडला की छपराचा रकाना आधी बघा.