स्कॉटलंडचा पीच रंगाचा कागद आणि आपलं माहीम

स्कॉटलंडहून मुंबईला आले की दादरला सगळे हमखास विचारतात, तिकडे तुला मत देता येतं का गं? येतं. पासपोर्ट अजून भारताचाच आहे पण तिथे राहायची रीतसर परवानगी असली की स्कॉटिश पार्लमेंटसाठी मत देता येतं, आणि वय फक्त 16 लागतं. मे 2021 ला मी ग्लासगोत दिलं. गुरुवार होता, सुट्टी वगैरे काही नाही, सकाळी 7 ते रात्री 10 मतदान, त्यामुळे काम उरकून निवांत गेले. शाळेचा हॉल, कोविडमुळे पेन घरूनच नेलेलं, हातात दोन कागद दिले, एक जांभळट आणि एक पीच रंगाचा. ओळखपत्र कुणी मागितलं नाही, बोटाला शाई नाही.

जांभळट कागद म्हणजे आपल्या आमदारकीसारखंच, जास्त मतं पडली तो जिंकला, अशा 73 जागा. पीचवर पक्षाला मत, त्यातून 56 जागा, आणि त्या वाटताना मतांच्या मानाने ज्याच्या जागा कमी पडल्यात त्याला आधी भरून देतात. म्हणजे बघा, स्कॉटिश नॅशनल पार्टी म्हणजे एसएनपीने 73 पैकी 62 जिंकल्या म्हणून पीचवर त्यांना 2च, लेबर पक्षाने मतदारसंघ 2च जिंकले पण पीचवर 20 मिळाल्या, आणि ग्रीन पक्षाला मतदारसंघ एकही नाही तरी 8 जण आत! एसएनपी 64 वर अडकली, बहुमताला एक कमी.

मतदान झालं 63.5 टक्के, 1999 पासून या पार्लमेंटसाठी सगळ्यात जास्त, तेही कोविडमध्ये. 2014 च्या स्वातंत्र्याच्या सार्वमताला तर 84.6 टक्के झालेलं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या मताने काहीतरी ठरणार आहे.

आपल्याकडे 2024 च्या विधानसभेला राज्यात 66 टक्के आणि मुंबई शहरात 52 च्या आसपास, सुट्टी असून! मामा म्हणतो एका मताने काय होतंय. अरे मामा, माहीमचा निकाल 1,316 मतांनी लागला! पण त्याचं एक म्हणणं मला पटतं, तिरंगी लढतीत महेश सावंत निवडून आले तेव्हा निम्म्याहून जास्त मतं दुसऱ्यांना पडली होती, सदा सरवणकर, अमित ठाकरे वगैरे, त्या मतांचं विधानसभेत काय झालं? काहीच नाही. म्हणून मला तो दुसरा कागद आपल्याकडे हवाय, अगदी मनापासून.

यावर मामाने लगेच विचारलं, मग कायम आघाड्याच का? बऱ्याचदा हो. एसएनपीने ऑगस्ट 2021 ला ग्रीनशी करार केला, एप्रिल 2024 ला तुटला. पण तो करार लेखी होता, कुठल्या मुद्द्यावर आमचं जमत नाही तेसुद्धा त्यात लिहिलेलं, आणि कुणालाही वाचता येत होता. अशी आघाडी मला चालेल.