चार जागा, नववा नंबर

आमच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग घरात दोन तऱ्हेचं आहे. आजोबांच्या कागदांवर पोर्तुगीज वळणाचं, 'सी' घालून. माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर 'के'. आणि माझ्या जन्मदाखल्यावर, लिहिणाऱ्याच्या कृपेने, बाबांच्या नावापुढे 'सी' आणि माझ्या नावापुढे 'के'. बावीस वर्षं त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं. २०२३ च्या जुलैत एनसीसी स्पेशल एंट्रीचा अर्ज भरायला बसले आणि अडलं.

ही एंट्री ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एनसीसी केलेल्या पदवीधरांना लष्करात अधिकारी होण्याची ही वाट. पदवीला ५० टक्के, एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट किमान 'बी' ग्रेडचं, वय १९ ते २५, लग्न झालेलं नसावं. लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढच्या पाच दिवसांच्या चाचण्या. तिथून निवड झाली की चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी. जाहिरातीत जागा होत्या पुरुषांसाठी ५० आणि महिलांसाठी ५. त्या पाचातली एक युद्धात कामी आलेल्या वा जखमी झालेल्या सैनिकांच्या मुलींसाठी राखीव. म्हणजे माझ्यासारखीला चार. मी ते वाचलं आणि पुढच्या कलमाकडे वळले. अख्ख्या देशातून चार, हे तेव्हा डोक्यात शिरलंच नाही. आडनाव डोक्यात होतं.

एका सरकारी कचेरीत तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला प्रतिज्ञापत्राचा नमुना चुकीचा निघाला. तिसऱ्या खेपेला टेबलामागच्या काकांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "मिलिटरीत? नर्सिंगला ना?" म्हटलं, "नाही, अधिकारी म्हणून." "हां हां, म्हणजे ऑफिसात." मी मान डोलावली. मला शिक्का हवा होता. खरं तर सांगायचं मनात होतं की त्याच वर्षी एप्रिलमध्ये चेन्नईहून पाच मुली अधिकारी होऊन तोफखान्यात गेल्या. पण शिक्का त्यांच्या हातात होता.

आमचा गाव गोव्यात, डिचोली तालुक्यातला, मयेच्या बाजूला. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा बाबांचा ट्रक अंगणात उभा राहिला आणि बरीच वर्षं उभाच होता. त्याच्या ताडपत्रीच्या दोऱ्या माळ्यावर पडून होत्या. मी फोनवर एसएसबीतल्या अडथळ्यांचे फोटो बघत बसायची: टार्झन स्विंग, टायगर लीप, कमांडो वॉक. बाबा मागून बघायचे, बोलायचे काही नाहीत. एका रविवारी पेज जेवून उठले, माळ्यावरून सर्वांत जाड दोरी काढली आणि परड्यातल्या फणसाला बांधली. स्वतः लोंबकळून बघितलं. मग मला म्हणाले, "गाठ सुटणार नाही. हात सोलतील, ते तू बघ." हात सोललेच. आई रोज रात्री खोबरेल लावायची आणि लावता लावता बोलायची, की आता या हातांकडे बघून कोण म्हणेल ही पदवीधर म्हणून.

धावायला आमच्याकडे मैदान असं नाही. तळ्याच्या रस्त्याला पहाटे पाचला निघायचं. जुलै-ऑगस्टात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, रस्त्यावर पाणी, आणि प्रत्येक वाड्याचे आपापले कुत्रे. सुरुवातीला बाबा स्कूटर घेऊन मागून यायचे. पंधरा दिवसांनी कुत्र्यांना माझी सवय झाली, पण माणसांना व्हायला गणपती उजाडले. आजीला शेजारीण विचारायची, "कितें गो तें, चली रोज खंय धांवता?" आजी सांगायची, "डागतरान सांगलां." दोन महिने मी गावाच्या लेखी कुठल्याशा आजाराची रुग्ण होते. आजीने ते मुद्दाम केलं की खरंच तिला तसं वाटायचं, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

डिसेंबरात एसएसबीसाठी बंगळूरचं बोलावणं आलं. मडगावहून रात्रीची गाडी, अंधारात दूधसागर कधी गेला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर फाइल छातीशी धरून उभ्या असलेल्या मुली दिसल्या की समजायचं, हीच आपली बॅच. एक बेळगावची निघाली. तिचं मराठी ऐकलं आणि मला अर्धी पोहोचल्यासारखं वाटलं.

पहिला दिवस चाळणीचा. आधी बुद्धिमत्तेचे पेपर, मग धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, गटापुढे सांगायची, आणि मग सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. ठरवायची म्हणजे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बांगड्याचा भाव ठरतो तसं. मी तीनच वाक्यं बोलले. दोनदा एका मुलीचं बोलणं इतरांना पुरं करू द्यायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त जणी बॅगा उचलून परत निघाल्या. मला चेस्ट नंबर मिळाला १४. पुढचे चार दिवस मी 'चौदा'. कुणाची मुलगी, कुठलं आडनाव, 'सी' की 'के', कुणी विचारलं नाही. खरं सांगते, तीन महिन्यांत पहिल्यांदा मोकळं वाटलं.

मानसशास्त्राच्या चाचण्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. साठ शब्द, एकेका शब्दाला पंधरा सेकंद, हात दुखतो. क्लासवाले वाक्यं पाठ करून घेतात. मी क्लास लावला नव्हता, कारण पैसे नव्हते. आता वाटतं, वाचले.

मैदानावरचं मात्र सांगायला हवं. गटाला एक फळी, एक बल्ली, म्हणजे लाकडी वासा, आणि एक दोरी देतात. समोर खांब नि चौथरे. लाल रंगाला हात लावायचा नाही, चार फुटांपेक्षा जास्त अंतर उडी मारून पार करायचं नाही, जमिनीला पाय नाही. दुसऱ्या रचनेत आम्ही अडकलो. पुढचा खांब फळीच्या टप्प्यात होता, पण फळी टेकवायला तिथे पांढरी जागा नव्हती. म्हणजे फळी हवेत पुढे काढायची आणि मागच्या टोकाला कुणीतरी वजन देऊन बसायचं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी ६८ किलोची. आमच्या घरी लग्नाचा विषय निघाला की हा आकडा आधी निघतो. मी म्हटलं, मी बसते. बेळगावची माझ्या मागे रेलली आणि एकेक मुलगी त्या फळीवरून पुढे गेली. प्रत्येक पावलाला फळी माझ्याखाली उचलल्यासारखी व्हायची. शेवटी आम्ही दोघी उरलो, पुढच्यांनी दोरी फेकली, कमरेला बांधून आलो. ग्रुप टेस्टिंग ऑफिसरनी वहीत काहीतरी लिहिलं. काय, ते देवाला माहीत.

दुसऱ्या दिवशी वैयक्तिक अडथळे होते आणि नेमकी त्याच पहाटे पाळी आली. पॅड, दोन चड्ड्या, वर ट्रॅकपँट. तीन मिनिटांत दहा अडथळे. माझे सात झाले. दोरीवर मात्र फणसाचे उपकार फेडले.

मुलाखत घेणारे अधिकारी वयाने मोठे, आवाज शांत. आधी घर, शाळा, मार्क, बाबांचा ट्रक. मग गोवा. मी दाबोळीचा नौदलाचा तळ आयएनएस हंसा सांगितला, बांबोळीचा लष्करी तळ सांगितला, आणि तारिणी सांगितली: दिवाडी बेटावर बांधलेली शिडाची बोट, २०१७ च्या सप्टेंबरात वेऱ्याच्या आयएनएस मांडवीतून सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन निघाली, पृथ्वीला वळसा घालून २१ मे २०१८ ला परत आली. मी तेव्हा अकरावीची परीक्षा देऊन घरी होते.

"मग तुम्ही नौदलात का गेला नाहीत?"

"सर, मला बोट लागते."

ते हसले. मीही हसले आणि तिथेच जरा ढिली पडले. पुढचा प्रश्न आला, "पायदळ आणि रणगाडे अजून महिलांना बंद आहेत. उघडावेत का?"

"उघडावेत सर. मोजमाप एकच ठेवून."

"महिला मिलिटरी पोलीस भरतीत १.६ किलोमीटर धावायला पहिल्या गटासाठी साडेसात मिनिटं आहेत. मुलांना साडेपाच. हे एकच मोजमाप?"

ही चपराक बरोबर बसली. मी सांगितलं की ती भरतीची चाळणी आहे, एखादं विशिष्ट काम जमतं का त्याची परीक्षा वेगळी असते. अमेरिकेने २०१५ च्या डिसेंबरात सगळ्या लढाऊ जागा उघडल्या, त्याच्या आधी ऑगस्टात दोघी तिथल्या लष्कराच्या खडतर रेंजर स्कूलमधून मुलांच्याच ओझ्यानिशी, मुलांच्याच वेळेत पास झाल्या.

"किती गेल्या होत्या?"

"एकोणीस."

"आणि दोघी पास."

"तिसरी ऑक्टोबरात झाली, सर."

"मग तीन."

"हो सर. शून्य नाही."

ते काही बोलले नाहीत. पुढचा प्रश्न फुटबॉलवर होता.

यावर मी नंतर खूप विचार केला. मी स्वतः पायदळात टिकले असते का? नाही वाटत. पाठीवर ओझं घेऊन चढ चढताना मी कुठे थांबते हे मला मयेच्या डोंगरावर कळलेलं आहे. पण मी थांबते म्हणून माझ्यापेक्षा तगडी, सत्तरी तालुक्यातल्या रानातून लाकडाची मोळी डोक्यावर आणणारी मुलगी थांबेलच असं कुणी कागदावर का ठरवावं? २०१६ साली वायुदलात तिघी लढाऊ वैमानिक झाल्या, त्याआधीही 'जमेल का' हाच प्रश्न होता. २०२२ च्या डिसेंबरात नौदलाने मार्कोस कमांडोंची वाट महिलांना मोकळी केल्याच्या बातम्या आल्या. त्या वाटेवर मी जाणार नव्हते. तरी बातमी कापून वहीत चिकटवली.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स, मग निकाल. सगळ्या रांगेत. "चेस्ट नंबर सहा. चेस्ट नंबर चौदा." बस, दोनच. बेळगावचीचा नंबर आला नाही. तिने माझ्या पाठीवर एवढ्या जोराने थाप मारली की तिला राग आलाय की आनंद झालाय ते कळेना.

मेडिकलचे दिवस रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी, डोळे, दात, गुडघे यांत गेले. मी तंदुरुस्त ठरले. ६८ किलोसकट नव्हे, तोवर ६४ झाले होते. गावात बातमी माझ्याआधी पोहोचली. देवळात नारळ ठेवला गेला. ज्यांनी आजीला विचारलं होतं त्या शेजारणीनेच पेढे वाटले.

मार्चमध्ये मेरिट लिस्ट लागली. मी नववी. जागा चार.

म्हणजे मैदानात पास, मुलाखतीत पास, मेडिकलमध्ये पास, आणि घरी. बाबांनी दोनदा विचारलं, "पण तुला घेतलं म्हणाले होते ना?" रेकमेंड होणं आणि मेरिटमध्ये येणं यातला फरक त्यांना समजावताना मला पहिल्यांदा त्या जाहिरातीतला आकडा नीट दिसला. पुरुषांच्या यादीत नववा असता तर त्याने तेव्हा ट्रंक भरायला घेतली असती. आम्ही सगळी वर्षं 'कुठल्या शाखा उघडल्या' यावर वाद घालतो. दाराच्या आत खुर्च्या किती, हे कुणी मोजत नाही. नंतर एका जाहिरातीत जागा वाढल्या: पुरुष ७०, महिला ६. पूर्वी पंचावन्नात पाच, मग शहात्तरात सहा. ही वाढ की घट, ते कुणीही कागदावर भागाकार करून बघावं.

मी दुसऱ्यांदा गेले. पहिल्याच दिवशी चाळणीत गळाले, संध्याकाळच्या गाडीने परत. त्याबद्दल एवढंच.

२०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने लष्कराच्या विधी शाखेतल्या भरतीबद्दल निकाल दिला. तिथे पुरुषांना सहा आणि महिलांना तीन अशा जागा होत्या, आणि ज्या दोघींनी याचिका केली त्यांचे गुण यादीतल्या काही पुरुषांपेक्षा जास्त होते. न्यायालयाने ती वाटणी रद्द केली, एकच गुणवत्ता यादी लावा म्हणाले. तो निकाल विधी शाखेपुरता. तरी मी तो आमच्या ओसरीवर मोठ्याने वाचला. बाबा म्हणाले, "म्हणजे आता तुला बोलावतील?" नाही बाबा.

सध्या मी पणजीला एका खासगी कंपनीत आहे, सकाळची कदंब बस पकडते. त्याआधी पहाटे वाड्यातली एक मुलगी माझ्याबरोबर धावते. तिला अग्निवीर व्हायचंय, मिलिटरी पोलिसात. बारावीत आहे, तिची १.६ ची वेळ आठ-वीसवरून सात-पन्नासवर आलीय. पहिल्या गटाला अजून वीस सेकंद हवीत, ती मी काढून घेईन. अडचण उंचीची आहे. १६२ सेंटीमीटर लागते. दर महिन्याच्या एक तारखेला ती आमच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहते, आजी डोक्यावर फुटपट्टी धरते आणि मी पेन्सिलीने खूण करते. परवाची खूण १६१ ला आहे. आजी फुटपट्टी जरा वर धरते, तेवढं लक्ष ठेवावं लागतं.