जिप्सीला कॅम टाकताय? मग "स्टेज टू" विसरा, कॅम कार्ड मागा

जिप्सी किंवा १६ व्हॉल्व्हची एस्टीम ज्याच्याकडे आहे तो कधी ना कधी कॅमच्या (म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, त्यावरचे उंचवटे म्हणजे लोब) नादाला लागतोच. टर्बो परवडत नाही, फ्री फ्लो एक्झॉस्ट लावून नुसता आवाज वाढलाय, मग कुणीतरी सांगतं की अरे कॅम टाक, स्टेज टू. माझ्या एका मित्राचं सध्या हेच चाललंय. त्याला विचारलं स्टेज टू म्हणजे नक्की काय रे, तर म्हणे थोडा हार्ड असतो. अहो हार्ड म्हणजे काय! एकाचा स्टेज टू हा दुसऱ्याचा स्टेज वन असतो, त्या शब्दाला काही माप नाही. मापं कॅम कार्डावर असतात, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती मिमी उचलला जातो) किती, ड्युरेशन (इंजिन फिरताना किती अंश तो उघडा राहतो) किती, लोब सेपरेशन (हवा आत घेणाऱ्या इनटेकचा आणि धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टचा लोब यांच्या टोकांमधले कॅमचे अंश) किती. कार्ड देत नसेल तर त्या माणसाकडून घेऊच नका, भले तो कितीही ओळखीचा असो.

आधी कॅमने पॉवर वाढते कशी ते बघू, कारण इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाल्या) जिप्सीचे कंपनीचे आकडे म्हणजे ४५०० आरपीएमला १०३ न्यूटन मीटर टॉर्क आणि ६००० ला ८० बीएचपी. बीएचपी काढायची तर टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७१२१, म्हणजे ६००० ला टॉर्क उरतो साधारण ९५. आता समजा कॅम बदलून तोच ९५ तुम्ही ७००० पर्यंत टिकवून धरला तर पॉवर झाली ९३ बीएचपी. टॉर्क एका न्यूटन मीटरनेही वाढला नाही, फक्त वर सरकला, आणि वर सरकला म्हणजे खालचा कमी झाला, फुकट काही मिळत नाही. टर्बोवाल्याला वरून दाब मिळतो, आपल्याला सगळं वातावरणाच्या दाबावरच भागवायचंय, त्यामुळे कॅम म्हणजे इंजिनचा दम कुठल्या आरपीएमला लागेल याचा निर्णय, बस.

आता हा निर्णय कार्डावर कसा दिसतो? दोन कॅम घ्या. एक २५२ अंशांचा, सेपरेशन ११२. दुसरा २८४ चा, सेपरेशन १०८. ओव्हरलॅप म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात तो काळ, तो काढायचा तर ड्युरेशन वजा सेपरेशनची दुप्पट (इनटेक एक्झॉस्ट वेगळे असतील तर दोघांची सरासरी घ्या). पहिल्याचा आला २८ अंश, दुसऱ्याचा ६८. वरच्या आरपीएमला हा ओव्हरलॅप सोन्यासारखा, चांगला हेडर (एक्झॉस्टचे खास पाइप) असेल तर बाहेर पळणारा धूर मागून ताजी हवा ओढून घेतो. पण आयडलला तोच धूर उलटा इनटेकमध्ये येतो, गाडी थडथडते, व्हॅक्यूम पडतो. व्हॅक्यूम पडला की ब्रेकचा बूस्टर कमजोर होतो, हे कुणी सांगत नाही, आणि ज्या ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) मॅप सेन्सरवरून, म्हणजे इनटेकमधल्या दाबावरून, हवा मोजायची असते तो पार गोंधळतो, त्याला वाटतं थ्रॉटल उघडलाय, तो पेट्रोल ओततो. म्हणजे कॅमबरोबर ट्यूनिंगचा खर्च आलाच. आणि पीयूसी! ती टेस्ट आयडलला होते, न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरमधून बाहेर जात असेल तर एचसीचा (हायड्रोकार्बनचा) आकडा बघून पीयूसीवाला तुमच्या तोंडाकडे बघतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो. पहिला कॅम सरळ, म्हणजे पुढे मागे न सरकवता, बसवला तर पिस्टन तळाला जाऊन ५८ अंश वर आल्यावर बंद होतो, दुसरा ७० ला. एवढा वेळ पिस्टन वर येतोय आणि व्हॉल्व्ह उघडाच, म्हणजे कमी स्पीडला भरलेलं मिश्रण परत मागे ढकललं जातं. कागदावरचं कॉम्प्रेशन तेच राहतं पण प्रत्यक्षात दाबायला माल कमी मिळतो. म्हणून मोठा कॅम टाकला की हेड घासून कॉम्प्रेशन वाढवावं लागतं, ते न करता नुसता कॅम टाकला की गाडीचा पिकअप जातो आणि मालक मेकॅनिकशी भांडत बसतो.

लिफ्टच्या बाबतीत मी जरा उदार आहे. व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या एक चतुर्थांश उचलला की भोवतीची फट आणि व्हॉल्व्हचं तोंड यांचं क्षेत्रफळ सारखं होतं, म्हणजे ३० मिमीच्या व्हॉल्व्हला साडेसात मिमी, त्यानंतर लिफ्ट वाढवून मिळणारा फायदा कमी कमी होत जातो. पण तिथपर्यंत लिफ्ट वाढवली आणि ड्युरेशन फार वाढवलं नाही तर खालचा पिकअप फारसा न जाता वरचा दम मिळतो. रस्त्यावरच्या गाडीला मी हेच सांगेन, २५०-२६० च्या आसपास ड्युरेशन, सेपरेशन ११० च्या खाली नको. २८४ वगैरे ऑटोक्रॉसवाल्यांना लखलाभ, ते ४००० च्या खाली येतच नाहीत, तुम्ही सिग्नलला उभे असता. एक मात्र बघा, ड्युरेशन कुठे मोजलंय ते विचारा. कुणी व्हॉल्व्ह हलायला लागल्यापासून मोजतो, कुणी १ मिमी लिफ्टपासून, अमेरिकन लोक ०.०५० इंचापासून, म्हणजे १.२७ मिमी. एकाच कॅमचे तीन आकडे निघतात, मग तुलना कसली करताय. आणि जिप्सीला एकच कॅम आहे, इनटेक एक्झॉस्टचे लोब एकाच दांड्यावर, सेपरेशन नंतर बदलता येत नाही. ॲडजस्टेबल पुली लावली तरी सगळं एकत्रच पुढे मागे होतं.

आपल्याकडे नवा कॅम घेण्यापेक्षा जुनाच ग्राइंड करून आणतात, स्वस्त पडतो. (कॅमशाफ्टचं म्हणाल तर आपलं सोलापूर यात मोठं नाव आहे, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स तिथलीच, जगभरच्या कारकंपन्यांना माल जातो, आपण मात्र सोलापूर म्हटलं की चादरीवरच थांबतो.) ग्राइंडिंगमध्ये लोबला धातू वाढवता येत नाही, म्हणून मागची गोलाई घासून लहान करतात, की लिफ्ट आपोआप वाढते. पण मग रॉकर (लोब आणि व्हॉल्व्हच्या मधला, व्हॉल्व्ह दाबणारा तुकडा) जरा खाली बसतो, व्हॉल्व्हशी फट वाढते, ती भरायला टॅपेटचा (फट जुळवायचा) स्क्रू व्हॉल्व्हच्या दिशेने जास्त फिरवावा लागतो, आणि चिल्ड कास्ट आयर्नचा (ओतताना पटकन थंड करून कडक केलेल्या बिडाचा) कडक थर किती घासला गेला हे दिसत नाही. हलकं ग्राइंडिंग चालतं, खूप लिफ्ट हवी असेल तर नवाच घ्या.

बसवताना स्प्रिंग विसरू नका. जुन्या स्प्रिंगवर ७००० ला व्हॉल्व्ह लोबच्या मागे राहतो, आणि जास्त लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतायत का तेही बघावं लागतं. पिस्टनवर मुलांची प्लॅस्टिसिन लावून हेड बसवा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, उघडून दाबलेला थर मोजा, इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला अडीच तरी मिळायला पाहिजे. मेकॅनिक म्हणेल काही गरज नाही साहेब, लागत नाय. तरी करायला लावा.

आणि पहिल्यांदा स्टार्ट करताना, रॉकर कॅमवर घासत चालणारं इंजिन असेल तर लोबला मॉलीची पेस्ट भरपूर लावा, सुरू झालं की लगेच २००० ते २५०० च्या मध्ये ठेवून २० मिनिटं चालवा, आयडलला सोडू नका, कारण हळू फिरताना लोबवर दाब जास्त आणि उडणारं ऑइल कमी. शेजारचे काका गॅलरीत येतील, येऊ देत. मग ऑइल फिल्टर बदला आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावर टॅपेट परत चेक करा.