खर्ज, पंखा आणि तीन मीटर वायर: एचडी ६०० विरुद्ध डीटी ७७०

मागच्या नोंदीत दोन गोष्टी ठरवल्या होत्या. सेनहायझर एचडी ६०० आणि बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो (८० ओहमवाला) हे दोन हेडफोन शेजारी ठेवून नीट ऐकायचे, आणि त्याच बैठकीत केबलचाही निकाल लावायचा. पावसाळा त्यातच गेला. घाईतल्या मंडळींसाठी निकाल आधीच देतो: ओपन (मागून जाळीचा, इथे एचडी ६००) आणि क्लोज्डमधला (बंद कपाचा, इथे डीटी ७७०) फरक वाटला होता त्याहून मोठा निघाला. केबलचाही फरक सापडला, पण सगळे शोधतात तिथे नाही, शर्टाच्या कॉलरपाशी.

आधी मांडणी. लॅपटॉप, अ‍ॅपलचा यूएसबी-सी डोंगल (लॅपटॉपला हेडफोन जोडायचा छोटा जोड) आणि एक छोटा डेस्कटॉप अ‍ॅम्प. डोंगल पूर्ण आवाजात साधारण १ व्होल्ट देतो. एचडी ६०० हा ३०० ओहमचा असल्यामुळे त्याला डोंगल पुरतच नाही, असं सर्रास लिहिलं जातं. १ व्होल्टला ३०० ओहममध्ये जेमतेम ३.३ मिलिवॅट जातात हे खरं, पण तेवढ्यावर हा हेडफोन शंभर डेसिबलच्या वर जातो. आजच्या गाण्यांना ते भरपूर झालं. अडचण येते ती जुन्या शास्त्रीय ध्वनिमुद्रणांत, कारण ती मुळातच हळू आवाजात असतात आणि आलाप तर त्याहून खाली. तिथे अ‍ॅम्प लागतो, आणि तोही फक्त आवाज वाढवायला.

तुलनेआधी दोघांचा आवाज सारखा करणं सर्वांत महत्त्वाचं. एक डेसिबल मोठा वाजणारा हेडफोन हमखास 'जास्त मोकळा' वाटतो. मल्टिमीटरने व्होल्ट जुळवून इथे भागत नाही, कारण सारख्या व्होल्टला दोन मॉडेल सारखी वाजत नाहीत. म्हणून प्लायवूडच्या तुकड्याला भोक पाडून त्यात मोजणीचा माइक बसवला आणि वर हेडफोन ठेवला. याला बाहेरचा कान नाही, त्यामुळे इथले आलेख कुणाच्याही प्रसिद्ध आलेखांशी ताडून बघू नका. एकाच फळीवर 'हा आणि तो' बघायला मात्र हे जुगाड छान चालतं.

आता गाणं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झला येतो, म्हणजे तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास. नेमका हाच पट्टा ओपन आणि क्लोज्डच्या भांडणाचा आहे. ओपनमध्ये ड्रायव्हरची (आवाज काढणाऱ्या पडद्याची) मागची बाजू जाळीतून मोकळी असते. पुढची आणि मागची लहर एकमेकींच्या उलट्या. उंच सुरांत त्या आपापल्या वाटेने जातात, पण लांब लहरी पॅडच्या फटींतून आणि कापडातून भेटतात आणि एकमेकींना खातात. म्हणून एचडी ६०० खर्जाच्या सुमारासच उताराला लागतो. डीटी ७७०मध्ये मागची लहर कपात कोंडलेली असते (हवा सुटायला एक बारीक छिद्र ठेवलंय ते सोडा), त्यामुळे दाब टिकतो आणि खालचे सूर थेट तळापर्यंत येतात.

म्हणजे एचडी ६००वर खर्ज गायब का? अजिबात नाही. तानपुऱ्याच्या तारेत मूळ सुरापेक्षा त्याचे वरचे स्वरांशच जोरकस असतात, जवारी (घोडीवर तारेला मिळणारा झंकार) लावतात ती त्यासाठीच. मूळ सूर क्षीण असला तरी स्वरांशांच्या मांडणीवरून कान तो भरून काढतो. फोनच्या इवल्या स्पीकरवरसुद्धा खर्ज ओळखू येतो तो याचमुळे. एचडी ६००वर जवारीचा पदर न् पदर सुटा ऐकू आला, चारही तारा वेगवेगळ्या मोजता येतील इतका. डीटी ७७०वर तीच जवारी जरा पत्र्यासारखी झाली. आठ-नऊ हजार हर्ट्झच्या आसपास या हेडफोनला जो उंचवटा आहे तो आपल्या छंदातल्या सर्वांना ठाऊक आहे. गायिकेच्या तोंडचे 'स' आणि 'श' तिथेच सापडतात. रात्री उशिरा तासभर ऐकलं की कान शिणतात.

डग्ग्यापाशी मात्र पारडं फिरतं. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड ओपनवर कळते, क्लोज्डवर जाणवते. अर्थात डीटी ७७० त्यात स्वतःच्या पदरचंही घालतो, इतकं की विलंबित ख्यालात तबलजी गायकाच्या पुढ्यात येऊन बसल्यासारखा वाटतो. लावणीची ढोलकी, संबळ, हल्लीचं बीटवालं संगीत याला हाच हेडफोन हवा, यात मला शंका उरलेली नाही.

'साउंडस्टेज'बद्दल (आवाज डोक्याबाहेर पसरल्याचा भास) थोडं वाकडं बोलतो. रेडिओची जुनी मुद्रणं मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. मोनो मुद्रण दोन्ही हेडफोनांवर डोक्याच्या मधोमधच बसतं. जाळी मोकळी असली म्हणून गायक समोरच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहत नाही. ओपनवर जो मोकळेपणा वाटतो त्यातला मोठा भाग असा, की कपाच्या भिंतीवरून परत येणारा आवाज तिथे नसतो आणि घरातले आवाज कानावर येत राहतात, त्यामुळे कान बंद झाल्याची भावनाच होत नाही. ही कल्पना जुनीच. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ आणला, पिवळ्या स्पंजच्या पॅडांचा, आणि तिथून ओपन हेडफोन घराघरांत गेले. एचडी ६०० आला १९९७ मध्ये आणि अजूनही विकला जातो. डीटी ७७० त्याच्याहून जुना, १९८५चा.

आता पंखा. परदेशी परीक्षणांत हा मुद्दा कधी येत नाही आणि आपल्याकडे तो पहिला यायला हवा. पुण्यात ऑक्टोबरमध्ये पंखा बंद करून कोण ऐकणार? चारवर पंखा असेल तर एचडी ६००वरचा आलापाचा शेवट, सूर विरत जातो तो भाग, सरळ पंख्यात बुडतो. मग आवाज वाढवावा लागतो, आणि मोकळ्या जाळीतून तो शेजारच्या खोलीत पोचतो. "अरे, तुझं गाणं मला इथे ऐकू येतंय, मग कानाला कशाला लावलंयस?" हा आईचा प्रश्न बिनतोड आहे. डीटी ७७०वर पंख्याची वरची सळसळ जाते, खालची घरघर थोडी राहतेच, कारण लांब लहरींना पॅडचा अडसर पुरत नाही. कुकरची शिट्टी दोघांतूनही येते, ते वेगळं.

क्लोज्डचा खरा शत्रू चष्मा आहे. फळीवर पॅडखाली चष्म्याची काडी सरकवली तर डीटी ७७०चा तळ धाडकन खाली आला. एचडी ६००ला त्या मानाने खूपच कमी फरक पडला. त्याचं तर सगळं आधीपासूनच गळकं. 'डीटी ७७०ला बास नाही' असं कुणी लिहिलं तर आधी चष्म्याचा नंबर विचारा.

केबलकडे येतो. एचडी ६००ची मूळ केबल तीन मीटरची, दोन्ही कपांना वेगळी सुटणारी, दोन पिनांची. एक पिन जाड, एक बारीक, म्हणजे उलटी घुसायला नको. डीटी ७७० प्रोची तीन मीटरची केबल डाव्या कपात पक्की बसवलेली. खुर्चीच्या चाकाखाली सापडली की प्रश्न फक्त केबलचा राहत नाही.

सुटणाऱ्या केबलची तुलना मी कानांनी केलीच नाही, आणि का ते सांगतो. केबल बदलायला हेडफोन काढावा लागतो, परत घालताना तो दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे बसतो, आणि एवढ्याने वरच्या सुरांत काही डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे 'नवीन केबलने वरचा भाग खुलला' म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा हेडफोन वेगळ्या जागी घातलेला असतो. म्हणून एचडी ६०० फळीवर तसाच ठेवून, त्याला धक्का न लावता फक्त केबल बदलली: मूळची, मोगामी २८९३ या वायरीची घरी बनवलेली, आणि एका मित्राची चांदीचा मुलामा दिलेली वेणीची. आलेख एकमेकांवर असे बसले की रंग बदलले नसते तर एकच रेघ दिसली असती.

आकडेही तेच सांगतात. मूळ केबल मल्टिमीटरवर जाऊन-येऊन दीड ओहमच्या आत भरली (आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा, नाहीतर स्वस्त मीटर फसवतो). ३०० ओहमपुढे दीड ओहम म्हणजे ०.०४ डेसिबल. डीटी ७७०च्या ८० ओहमपुढे एक ओहम धरला तरी ०.१. केबलच्या कपॅसिटन्सचं (वायरींत विद्युतभार साठण्याचं) तर बोलायलाच नको. दर मीटर लांबीला १०० पिकोफॅरड धरून तीन मीटरची केबल एक ओहम आउटपुटच्या अ‍ॅम्पला लावली, तर तिचा अडथळा सुरू होतो ५०० मेगाहर्ट्झच्या पुढे. तिथे वटवाघूळही ऐकत नाही.

अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स (आतला रोध) ही मात्र खरी बाब आहे. एचडी ६००चा इम्पिडन्स शंभर हर्ट्झच्या सुमारास फुगून ५०० ओहमच्या घरात जातो. १२० ओहमच्या जॅकला लावला तर त्या भागात आवाज जवळजवळ एक डेसिबलने वर येतो. जुन्या इंटिग्रेटेड अ‍ॅम्पवर 'काय गोडवा आहे' असं वाटतं त्याचं हे एक कारण. ज्यांना तो गोडवा हवा त्यांनी केबलऐवजी दोन रेझिस्टर घ्यावेत, चहाच्या पैशांत काम होतं.

मग कॉलरपाशी काय सापडलं? घासण्याचा आवाज. केबल शर्टावर घासली की ती कंपनं वायरीतून कपात चढतात. ओपनवर ती विरून जातात, क्लोज्ड कपात घुमतात. आणि यात सर्वांत वाईट निघाली ती मित्राची नायलॉनच्या वेणीची केबल, दिसायला सगळ्यांत देखणी असूनही. साधी रबरी केबल सर्वांत शांत. हा फरक डोळे मिटून, पंखा चालू असतानाही ओळखता येतो.

याच सुमारास डीटी ७७०ची पक्की केबल काढून टाकली. त्याच्या केबलमध्ये तीनच वाहक असतात: डावा, उजवा आणि दोघांचा एकत्र परतीचा. परतीच्या वायरीचा रोध ०.३ ओहम धरला तर एका बाजूचा आवाज दुसरीकडे सुमारे ४८ डेसिबल खाली गळतो. हे ऐकू येत नाही, त्यामुळे 'बॅलन्स्ड' (दोन्ही बाजूंची परतीची वायर वेगळी) करण्यासाठी हा उद्योग करू नका. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकवर जो फरक वाटतो तो मुख्यतः दुप्पट व्होल्टचा, म्हणजे सहा डेसिबलचा. आवाज जुळवला की गंमत संपते. माझा हेतू एवढाच होता की केबल दीड मीटरची व्हावी आणि पायात आली तर निसटावी.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, मिनी एक्सएलआर (केबल जोडायचा छोटा कनेक्टर) मिळेल अशी आशा होती. तीन पिनांचा दाखवला, चार पिनांचा शेवटी मागवावा लागला. चार पिना यासाठी की हेडबँडमधून उजव्या ड्रायव्हरला दोन वायरी आधीच गेलेल्या असतात. डाव्या कपातला परतीचा जोड तोडला की दोन्ही बाजू सुट्या होतात, मग पुढे हवं ते करता येतं. कपाचं प्लॅस्टिक पातळ आहे, भोक ड्रिलने न पाडता गोल कानशीने हळूहळू मोठं करा. आतल्या वायरींना इनॅमलचा थर असतो आणि मधे धागा. सोल्डर धरत नाही म्हणून तापमान वाढवत बसू नका. आधी टोक सोल्डरिंग आयर्नवरच्या थेंबभर वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवून थर जाळा, चकाकी आली की मग जोडा. ड्रायव्हरच्या टोकांना हात लावायची गरज नाही, आणि लावूही नका, तिथली तार केसाहून बारीक आहे. कनेक्टरच्या कडेने राहिलेली फट ग्लूने बुजवली, कारण इथेही हवा गळली की तळ जातो. फळीवर आधीचा आणि नंतरचा आलेख जुळल्यावरच कप बंद केला.

पावसाळ्याची नोंद थोडक्यात. पारदर्शक आवरणाच्या केबलमधलं तांबं हिरवं पडलं. आवाजात फरक शून्य, मोजूनही. प्लगवर मात्र थर बसतो आणि खरखर सुरू होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की थांबते. मखमली पॅड धुता येतात, पण दमट हवेत दोन-तीन दिवस वाळत नाहीत आणि वास धरतात, तेव्हा धुणं ऊन पडेपर्यंत पुढे ढकला. रेक्झिनसारख्या पॅडांचं उलटं: धुवायचे नसतात, पण दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे निघून मानेवर काळे तुकडे चिकटतात.

सध्या दिवसा पंख्याखाली डीटी ७७०, रात्री अकरानंतर एचडी ६००, असं आपोआप ठरून गेलंय. विकायचा विचार दोन्हींचा सोडला.

पुढचं काम पॅडांचं. डीटी ७७०ला मखमलीऐवजी रेक्झिनचे पॅड लावून, चष्म्याच्या काडीसह आणि काडीशिवाय, तीच मोजणी पुन्हा करायची आहे. कुणाकडे दोन-तीन वर्षं वापरून दबलेले मूळ मखमली पॅड पडून असतील तर फेकू नका, मला हवेत. नवे आणि दबलेले यांच्यातला फरक केबलच्या फरकाहून कितीतरी मोठा निघेल असा माझा अंदाज आहे, आणि आलेख आले की इथे टाकतो.